२८ कुंड्या आणि एक समुद्र

विदर्भातला मे महिना, गच्चीवरची भाजी आणि आठ दिवसांची कोकण ट्रिप. हे तिन्ही एकत्र जमवायचं म्हणजे तारेवरची कसरत! आमच्या घराने ती केली, त्याची ही गोष्ट.

'मी नाही येत बाप्पा. तुम्ही जा. झाडाईले पाणी कोन टाकीन?'

फोनवर आईचं हे उत्तर ऐकलं आणि मी डोक्याला हात लावला. पुण्यातल्या माझ्या वन रूम किचनमध्ये बसून मी महिनाभर प्लॅन करत होते. दापोलीजवळ मुरुडला बीचपासून चालत पाच मिनिटांवर घरगुती राहण्याची सोय, दादाच्या मुलाला शाळेची सुट्टी, बाबा नुकतेच रिटायर झालेले. सगळं जुळून आलं होतं. आणि माशी शिंकली कुठे, तर वांग्याच्या कुंडीत!

आमचं घर पांढरकवड्याचं. यवतमाळ जिल्हा, नागपूर-हैदराबाद हायवेवरचं कापसाचं गाव. टिपेश्वरच्या वाघांमुळे हल्ली पुण्या-मुंबईच्या मंडळींनाही ते माहीत झालंय. समुद्र मात्र आमच्यापासून इतका लांब, की आईने तो अठ्ठावन्न वर्षांत फक्त टीव्हीवर पाहिलेला. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. तेव्हा कुंडीतलं झाड एक दिवस जरी तहानलेलं राहिलं, तरी संध्याकाळी मान टाकतं. म्हणजे आईचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता.

बादलीतली बाग

आईची ही बाग तशी नवीनच. आजी शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं आईनेच केलं. आजी गेल्यावर घरात एकदम रिकामपण आलं. एक दिवस आईने आजीची अंघोळीची बादली 'स्लॅब'वर नेली (आमच्याकडे गच्चीला स्लॅबच म्हणतात), तिला खालून भोकं पाडली आणि त्यात मिरची लावली. मग रंगाचे रिकामे डबे, तेलाचे पिंप, फुटक्या कूलरचा टब... बघता बघता आकडा २८वर गेला. वांगी, भेंडी, चवळी, पालक, दोडका आणि हिरव्या शेडनेटखाली सांभार. (पुणेकरांनो, सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे!)

पहिल्या वर्षी तिने शेतातली काळी माती भरली होती. ज्या मातीत कापूस तरारून येतो, तीच कुंडीत मात्र दगा देते. ओली झाली की चिकट गोळा होतो, वाळली की भेगा पडतात आणि पाणी मुळांना न भिजवता कडेने निघून जातं. मग बाबांनी कपाटातून श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' काढलं. दाभोळकर कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'ने सांगितलं, की पालापाचोळा कुजवून आपली माती आपणच तयार करा. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाची चिपाडं वापरून गच्चीवर भाज्या पिकवल्या. आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून भाज्या आणि फळझाडं उभी केली, तीही बंदराच्या ऐन गजबजाटात!

हे वाचून बाबा रसवंतीवाल्याकडून पोतंभर चिपाडं घेऊन आले. शेजाऱ्यांना वाटलं, मास्तरांनी गाय घेतली!

वातीची आयडिया

पाण्याचा प्रश्न सुटला तो देवघरात. आई वाती वळत होती. दादा म्हणाला, 'ही वात तेल वर ओढते, तर पाणी का नाही ओढणार?'

मग काय, घरात सायन्स प्रोजेक्टच सुरू झाला. दोन विटांवर पाण्याची बादली ठेवायची. जुन्या सुती लुगड्याची पट्टी पिळून जाड वात करायची. एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीतल्या मातीत बोटभर खोल. माती कोरडी पडायला लागली, की वात हळूहळू पाणी पोचवते. मोठ्या पिंपांमध्ये छोटी मडकी गळ्यापर्यंत पुरली आणि पाण्याने भरून त्यांवर झाकणी ठेवली. मडकं न रंगवलेलं, साधं मातीचं हवं, म्हणजे पाणी पाझरतं. कुंड्यांच्या तोंडावर चिपाडांचा जाड थर दिला.

निघायच्या पंधरा दिवस आधी आम्ही दोन दिवसांची रंगीत तालीम केली. नायलॉनच्या साडीची वात सपशेल फेल! सुती वात पास, पण ती आधी भिजवून लावलेली असेल तरच. वातीचा उघडा भाग उन्हात वाळत होता, म्हणून बाबांनी त्यावर जुन्या पाइपाचे तुकडे चढवले. आणि शेजारच्या काकूंशी करार झाला: तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी बादल्या नि मडकी भरायची. बदल्यात आठ दिवस जी भाजी निघेल ती त्यांची.

आता आईकडे नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. तरी ती गप्पच होती. आदल्या रात्री भांडी आवरताना हळूच म्हणाली, 'इतके दिवस घर सोडून मी कधी राहिलीच नाही ना गं.'

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आधी आमच्या परीक्षा होत्या, मग आजीचं आजारपण, आता झाडं. कारणं बदलत गेली, आईची ड्यूटी तीच राहिली. आपण ऑफिसमधून चार दिवसांची रजा टाकतो, 'आउट ऑफ ऑफिस'चा मेल लावतो आणि सुटतो. आईने रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा?

एवढं पानी!

बसने नागपूर, ट्रेनने पुणे आणि तिथून गाडीने दापोली. घाट उतरताना आई खिडकीतून लाल माती बघत होती. मुरुडला पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. सामान टाकून सगळे थेट किनाऱ्यावर. आईने साडी घोट्याच्या वर धरली, पहिली लाट पायावरून गेली तशी ती दचकली, मग हसली. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली,

'एवढं पानी, अन् एकाही झाडाले टाकायच्या कामाचं नाही!'

पहिल्या रात्री काकूंना तिचे तीन फोन झाले. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी आम्ही हर्णै बंदरावर माशांचा लिलाव बघायला गेलो. समोर सुवर्णदुर्ग, खाली बोटी, नुसता कल्ला! आईचं लक्ष मात्र थर्माकोलच्या खोक्यांकडे. 'यात पालक किती छान येईन!' त्या दिवशी फोन करायचा ती चक्क विसरली.

आमच्या घरमालकीणबाईंशी तर तिची गट्टीच जमली. आईला कुंड्यांसाठी किनाऱ्यावरची वाळू न्यायची होती. त्या म्हणाल्या, 'ती नको हो, खारट असते, मुळं जळतील. त्यापेक्षा ही सोडणं न्या.' नारळाची सोडणं! धुऊन, कुटून मातीत मिसळली, की पाणी धरून ठेवतात आणि माती भुसभुशीत राहते. आमच्या काळ्या मातीचं औषध कोकणच्या परसात पडलेलं होतं. परतीच्या सामानात आंब्याची पेटी एक आणि सोडणांची पोती दोन!

आणि परत आल्यावर?

सगळं हिरवंगार होतं असं सांगितलं तर खोटं ठरेल. वानरांनी एक बादली उलटवली होती, तिच्यावरच्या दोन वांग्यांचा निकाल लागला. सांभार करपला. काकूंनी भाजी तोडली होती, पण पानांआडची भेंडी राहून जून झाली. बाकी २३ कुंड्या मात्र ठणठणीत.

मला वाटलं, आई आता म्हणेल, 'पाहा, म्हणून मी येत नव्हती.' तिने कडक भेंड्या तोडल्या, बियांसाठी बाजूला ठेवल्या आणि विचारलं, 'दिवाळीनंतर समुद्र कसा असते गं?'

सुट्टीवर निघताना

• कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा.
• मातीवर चिपाडं किंवा वाळक्या पानांचा जाड थर द्या.
• वात सुतीच हवी. आधी भिजवा. बादली कुंडीपेक्षा उंच ठेवा आणि झाकून ठेवा, म्हणजे डास होणार नाहीत.
• तयार भाजी आदल्या दिवशी तोडून वाटून टाका.
• दोन दिवसांची रंगीत तालीम कराच.
• आणि सगळ्यात महत्त्वाचं: गावाकडे फोन करून विचारा, आईने शेवटची सुट्टी कधी घेतली होती?