हँग झाला नाही म्हणजे स्टेबल झाला का? ओव्हरक्लॉकिंगनंतरची खरी परीक्षा

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, विरार लोकलच्या गर्दीत इअरफोन कानात राहत नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती.

आजचा प्रश्न नेहमीचाच. प्रोसेसरचा स्पीड वाढवला, दोन तास गेम खेळलो, कॉम्प्युटर हँग झाला नाही. मग झालं ना स्टेबल? थोडक्यात उत्तर: अजून नाही. का, ते बघूया.

आधी थोडं बेसिक

कंपनीने ठरवलेल्या स्पीडपेक्षा प्रोसेसर जास्त पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. 4.8 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 480 कोटी ठोके. एका ठोक्याला वेळ मिळतो नॅनोसेकंदाचा जेमतेम पाचवा भाग. तेवढ्यात प्रकाशसुद्धा साधारण सहा सेंटीमीटरच जातो! या वेळेत चिपमधल्या ट्रान्झिस्टरांनी उत्तर तयार ठेवायचं असतं. उशीर झाला, तर पुढचा ठोका अर्धवट उत्तर उचलून पुढे जातो.

मग आपण व्होल्टेज वाढवतो, म्हणजे ट्रान्झिस्टर लवकर हलतात. पण वीज किती खाल्ली जाते, ते स्पीड गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशोबाने ठरतं. 4.5 वरून 4.8 गिगाहर्ट्झ आणि 1.20 वरून 1.30 व्होल्ट केलं, तर स्पीड वाढला सुमारे 7 टक्के आणि वीज सुमारे 25 टक्के. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते.

गप्प राहणारी चूक

निळा स्क्रीन आला तर बरंच म्हणायचं, निदान कळलं तरी. खरी भीती आहे चुकीचं उत्तर देऊन शांतपणे पुढे जाणाऱ्या प्रोसेसरची. आपल्याकडे वसई, नालासोपारा, विरारमध्ये कितीतरी मुलं घरच्या पीसीवर लग्नाचे व्हिडिओ एडिट करून कमावतात. रात्रभर रेंडर लावलं आणि सकाळी मधल्याच दोन सेकंदांत हिरवे ठिपके, किंवा बॅकअपची झिप फाइल उघडतच नाही, तर पार्टीला काय सांगणार? म्हणून टेस्ट करताना कॉम्प्युटर चालू आहे का, एवढंच बघून भागत नाही. उत्तर बरोबर येतंय का, हे तपासावं लागतं.

प्राइम95 नेमकं काय करतं?

1996 मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी गिम्प्स हा प्रकल्प सुरू केला. प्राइम95 हे त्याचंच सॉफ्टवेअर. एका संख्येची तपासणी दिवसेंदिवस चालते आणि मध्ये एक बिट जरी चुकला तरी सगळी मेहनत पाण्यात. म्हणून त्यात टॉर्चर टेस्ट आहे. उत्तर आधीच माहीत असलेली गणितं ती प्रोसेसरकडून सोडवून घेते आणि पडताळते. फरक आला की लगेच एरर दाखवते.

ही गणितं किती कडक असतात? इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष अशाच गणितांमुळे पकडला गेला. विशिष्ट गणित लावलं की कॉम्प्युटर गोठायचा, तोही ओव्हरक्लॉक न करता! जानेवारी 2016 मध्ये इंटेलने दोष मान्य केला आणि बायोस अपडेटने तो दुरुस्त झाला.

टेस्ट कशी करायची?

1. आधी बॅकअप. महत्त्वाच्या फाइल्स असलेली ड्राइव्ह शक्यतो काढूनच ठेवा.
2. रॅमचं आणि प्रोसेसरचं सेटिंग एकदम बदलू नका. एरर आली तर दोषी कोण, तेच कळत नाही.
3. पहिली दहा मिनिटं ‘स्मॉल एफएफटी’ लावा आणि नजर तापमानावर ठेवा. प्रोसेसर मर्यादेला पोचून स्वतःच स्पीड कमी करत असेल, तर तुमच्या सेटिंगची परीक्षा झालीच नाही.
4. तापमान ताब्यात असेल तर तासभर चालवा. मग ‘ब्लेंड’ लावून रात्रभर. त्यात रॅमही तपासली जाते.
5. हलक्या कामाचीही टेस्ट घ्या. एकच कोर सर्वात वर पळतो तेव्हा काही पीसी पडतात, फुल लोडवर मात्र टिकतात. कोअरसायकलर हे टूल एकेक कोर तपासतं.
6. शेवटी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ‘व्हीआ-लॉगर’च्या नोंदी दिसल्या, तर हार्डवेअरने चुका नोंदवल्यात. पीसी बंद पडला नसला तरी तुम्ही नापास.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी

पहिली, मे महिना. जानेवारीच्या रात्री खोलीत 24 अंश असतात, मे महिन्याच्या दुपारी 34. कूलर खोलीतलीच हवा वापरतो, त्यामुळे प्रोसेसरही साधारण तेवढाच, म्हणजे दहाएक अंशांनी, जास्त तापतो. थंडीत काठावर पास झालेलं सेटिंग उन्हाळ्यात नापास होऊ शकतं. त्यामुळे टेस्ट दुपारी, एसी बंद ठेवून घ्या, किंवा तेवढी मोकळी जागा सोडा.

दुसरी, लाइट. पावसाळ्यात रात्री लाइट गेली आणि सकाळी पीसी रीस्टार्ट झालेला दिसला, तर उगाच सेटिंगला दोष देऊ नका. ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद लाइट गेल्यावरही येते आणि क्रॅश झाल्यावरही. घरातलं प्लगवरचं डिजिटल घड्याळ लुकलुकतंय का, ते बघा. यूपीएस असेल तर फुल लोडचे वॉट त्याला झेपतात का, हेही तपासा.

नापास झालं तर?

घाबरू नका. स्पीड 100 मेगाहर्ट्झ खाली आणा आणि पुन्हा टेस्ट करा. व्होल्टेज वाढवत नेणं हा सोपा वाटणारा पण महागडा रस्ता आहे. 2024 मध्ये इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचा मोठा गोंधळ झाला, त्यामागे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज हेच कारण निघालं. कंपनीने मायक्रोकोड अपडेट दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच खराब झालेली चिप अपडेटने बरी होत नाही.

गेममधले चार-पाच फ्रेम कमी मिळाले तर चालतं. दुसऱ्याच्या लग्नाचा व्हिडिओ मात्र परत शूट करता येत नाही. बायोसमध्ये हात घालायच्या आधी एवढं लक्षात ठेवा. चला, भेटू पुढच्या भागात!