मोटारीचा तेलपंप आणि लाल दिवा

बैलगाडीच्या आसाचे वंगण संपले की गाडी कुरकुरू लागते. ती कुरकुर शेजारच्या शेतातही ऐकू जाते, आणि गाडीवान उतरून वंगण घालतो. मोटारीचे तसे नाही. इंजिनात तेल पोचेनासे झाले तर ड्रायव्हरसमोर एक लहानसा लाल दिवा लागतो, एवढीच पहिली सूचना. आवाज मागाहून येतो, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. या दिव्यामागे कोणते यंत्र काम करते, हे मोटार चालवणाऱ्याला आणि त्याहूनही अधिक मोटारमालकाला ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

निजामाच्या राज्यात १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू झाली. आपली देवणी तेव्हा त्याच राज्यात होती. त्या गाड्यांपासून आजच्या जीप-ट्रॅक्टरांपर्यंत इंजिने पुष्कळ बदलली. तेलाची गरज मात्र तशीच राहिली.

तेल नेमके करते काय? १८८३ साली इंग्लंडात टॉवर नावाच्या इंजिनिअराने रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडले, तर आस फिरू लागताच तेल त्या भोकातून उलट वर येऊ लागले. त्याने लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर फेकली गेली. दाबमापक लावला, तेव्हा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पुढे गेला. १८८६ साली ऑसबोर्न रेनल्ड्सने याचा उलगडा गणिताने केला. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून अरुंद फटीत कोंबतो आणि त्या तेलाच्या थरावर स्वतः तरंगतो. धातू धातूला लागतच नाही. मोटारीचा क्रँकही असाच तरंगतो. पण बेअरिंगच्या कडांतून तेल सारखे निसटत असते. गेलेल्या तेलाची जागा क्षणोक्षणी भरून काढणे, हे तेलपंपाचे काम होय.

पंपाची रचना साधी आहे. रहाटगाडगे आठवावे. त्यात गाडगी विहिरीतून पाणी भरून वर आणतात. तेलपंपात एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाके असतात, आणि दोन दातांमधली खाच हेच गाडगे. तळच्या चेंबरमधले तेल जाळीतून गाळून येते, खाचांत भरते आणि डबीच्या कडेकडेने पलीकडे जाते. मध्ये दाते एकमेकांत घुसत असल्याने त्याला परतीची वाट मिळत नाही. ते पुढे फिल्टरमध्ये आणि तेथून क्रँककडे ढकलले जाते. काही इंजिनांत चाकाच्या पोटात चाक असते, तत्त्व तेच. दाब फार वाढला तर स्प्रिंगचा एक व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचे तेल मागे सोडतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पंप तेल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढची वाट अरुंद असल्यामुळे. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार जोराने उडते, तसेच हे. म्हणून दाब उतरला की लगेच पंपाला दोष देऊ नये. चेंबरमध्ये तेल कमी असेल, ते डिझेल मिसळून पातळ झाले असेल, जाळी गाळाने बुजली असेल, व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल, किंवा बेअरिंग झिजून वाट रुंद झाली असेल. झिजलेल्या बेअरिंगवर नवा पंप बसवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय.

निगा राखणे अवघड नाही. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाचदहा मिनिटांनी पट्टीवर तेल पाहावे. तेल व फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावे. डिझेल इंजिनातले तेल लवकर काळे पडते, त्याने घाबरू नये; ते दुधाळ दिसले तर मात्र पाणी शिरले असे समजावे. चेंबर बसवताना पेस्ट बेताने लावावी, कारण आत सुटलेले तिचे तुकडे जाळीवर जाऊन बसतात. पंप उघडला तर चाके व डबी यांमधली फट फिलर गेजने मोजावी. ती केसाच्या जाडीएवढीच असते. पंप बसवताना त्यात स्वच्छ तेल भरावे. कोरडा पंप तेल ओढत नाही. चावी फिरवताच लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर तो दिवा, त्याची तार किंवा स्विच बिघडला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. भाड्याच्या जीपवरील एका ड्रायव्हरचे प्रकरण आमच्याकडे आले होते. वाटेत दिवा लागला; त्याने मालकाला फोन केला; ‘उतारू पोचव, मग बघू’ असे उत्तर आले. थोड्याच अंतरावर इंजिन जाम झाले आणि खर्च ड्रायव्हरच्या पगारातून कापायला सुरुवात झाली. आम्ही चेंबर सर्वांसमक्ष उघडायला लावले. जाळी काळ्या गाळाने लिंपली होती. तेल कित्येक महिने बदललेले नव्हते. कपात थांबली. इंजिन मात्र गेले ते गेलेच.

नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झाले असेल तरच, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच पगार कापता येतो, असे १९३६ च्या वेतन कायद्यात होते; २०१९ च्या वेतन संहितेतही तत्त्व तेच आहे. पण आपले म्हणणे मांडायला माहिती लागते. दिवा लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. त्या वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य आहे, आणि त्याला तसे करू देणे हे मालकाचे. दिवा कधी लागला व कोणाला कळवले, हे ड्रायव्हरने वहीत लिहून ठेवावे. तेल केव्हा बदलले, ते मालकाने त्याच वहीत लिहावे. ज्याच्या हाती चाक आहे त्याला गाडी थांबवण्याचाही अधिकार असला, तर इंजिनही वाचेल आणि पगारही.