तारीख आणि क्षण यांची गल्लत

राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांची जन्मतारीख 15 जून 1937 अशी नोंदली जाते. भारतातल्या संगणकावर जावास्क्रिप्टच्या ‘डेट’ला वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे दिले, की ती भाषा तारीख साठवतच नाही. त्या दिवसाची मध्यरात्र धरते आणि 1 जानेवारी 1970 च्या जागतिक वेळेतल्या मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद मोजून ऋण आकडा ठेवते. तोच आकडा जागतिक वेळेत वाचला, तर निघते 14 जून, सायंकाळचे साडेसहा. गणितात चूक कुठेच नाही, तरी तारीख एका दिवसाने मागे सरकली. चूक आहे ती तारखेला क्षण मानण्यात. जन्मतारीख हा पंचांगातला दिवस. तिला ना तास, ना टाइम झोन.

यावर कुणी म्हणेल, भारतात सगळीकडे एकच वेळ, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची भानगड नाही. साडेपाच तास मिळवले की झाले. पण साडेपाच हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. राळेगणसिद्धी सुमारे 74.4 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि प्रमाणवेळ 82.5 अंशाची, म्हणून तिथला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी 32 मिनिटे मागे चालतो. घड्याळ ठरवते ते सरकार, आणि सरकारने ते बदललेलेही आहे. मुंबईच्या गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी झालेल्या स्फोटाची वेळ दुपारी 4 वाजून 6 मिनिटे अशी दिली जाते. युद्धकाळामुळे तेव्हा भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेसहा तास पुढे होती. आजचे साडेपाच लावले, तर स्फोट जागतिक वेळेत तासभर उशिरा झाल्याची नोंद होईल. त्यात मुंबई महापालिकेची घड्याळे कित्येक दशके प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागची ‘बॉम्बे टाइम’ पाळत होती. प्रोग्रामिंग भाषा ज्या टाइम झोन डेटाबेसवर विसंबतात, त्यात भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. युद्धकाळातला बदल तिला ठाऊक आहे, मुंबईचा हट्ट नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळे जागतिक वेळेत साठवा, दाखवताना स्थानिक करा. घडून गेलेल्या घटनांना, म्हणजे बँकेच्या व्यवहाराला किंवा सर्व्हरच्या नोंदीला, हा नियम उत्तम लागू पडतो. पण पुढच्या 26 जानेवारीला सकाळी दहाची ग्रामसभा ठरली, तर गावाने क्षण ठरवलेला नसतो. गावातल्या घड्याळात दहा वाजणे ठरवलेले असते. मध्यंतरी सरकारने प्रमाणवेळ बदलली, तरी सभा दहालाच भरणार, आणि आधीच जागतिक वेळेत बदलून ठेवलेली नोंद चुकणार.

जावाने 2014 साली आठव्या आवृत्तीत हा भेद मान्य केला: नुसत्या तारखेसाठी ‘लोकलडेट’, क्षणासाठी ‘इन्स्टंट’ आणि टाइम झोनसकट वेळेसाठी ‘झोन्डडेटटाइम’ असे वेगळे प्रकार दिले. प्रकार जास्त झाल्याने काम वाढते, ही तक्रार खरी आहे. पण एकच प्रकार वापरला, तरी निर्णय टळत नाही. प्रोग्रामरने न घेतलेला निर्णय भाषा गुपचूप घेते. जन्म नोंदवताना दिवस, व्यवहार नोंदवताना क्षण आणि सभा नोंदवताना घड्याळाची वेळ व गाव, एवढा विवेक नोंदीचा तक्ता आखतानाच करायला हवा.