नकारार्थी संक्षिप्त क्रियारूपे, इंग्रजी भूतकालीन

सहायक क्रियापद व ‘नॉट’ हे नकारवाचक अव्यय यांच्या संयोगाने झालेली रूपे. ‘डिडन्ट’, ‘वॉझन्ट’, ‘वेअरन्ट’ व ‘हॅडन्ट’ ही त्यांतील प्रमुख होत. साध्या भूतकाळात क्रियेच्या निषेधासाठी ‘डिडन्ट’ योजतात. ते सर्व पुरुषांत व वचनांत सारखेच राहते. ‘असणे’ या अर्थी एकवचनी कर्त्याबरोबर ‘वॉझन्ट’ आणि अनेकवचनी कर्ता व ‘यू’ यांबरोबर ‘वेअरन्ट’ येते.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. मंठा (जि. जालना) येथील असो वा मुंबईचा, मराठी भाषक विद्यार्थ्याला अडचण येते ती दोन भाषांच्या रचनाभेदामुळे. ‘तो गेला नाही’ या वाक्यात भूतकाळ ‘गेला’ या मुख्य क्रियापदातच राहतो. इंग्रजीत तो ‘डिड’मध्ये जातो व मुख्य क्रियापद मूळ रूपात उरते, म्हणून ‘ही डिडन्ट वेन्ट’ ही रचना अशुद्ध, ‘ही डिडन्ट गो’ ही शुद्ध होय.

‘नव्हता’ (न + होता) या रूपाला इंग्रजीत एकच प्रतिरूप नाही. ‘तो घरी नव्हता’ येथे ‘वॉझन्ट’, तर ‘तो तोवर गेला नव्हता’ येथे ‘हॅडन्ट गॉन’ योग्य ठरते. औपचारिक लेखनात ही रूपे सामान्यतः टाळून ‘डिड नॉट’ यासारखी पूर्ण रूपे वापरतात.