काळ्या मातीवर घर बांधताना

मुकुटबनचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. बिर्ला कॉर्पोरेशनच्या आरसीसीपीएल या कंपनीच्या या प्रकल्पाची क्षमता वर्षाला ३९ लाख टनांची. चुनखडी तिथल्याच जमिनीतली, कोळशाच्या खाणी वणीकडे, चुन्याच्या भट्ट्या राजूरला आणि रेती पैनगंगेची. विदर्भातल्या झरी जामणी तालुक्यात घर बांधणाऱ्याच्या अवतीभवती बांधकामाचा असा सगळा माल पसरलेला आहे. तरीही घर उभं राहून चार-पाच उन्हाळे झाले की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दरवाजा चौकटीत घासू लागतो, फरशी मध्येच फुगते. मग दोष सिमेंटच्या ब्रँडला नाहीतर मिस्त्रीला दिला जातो. खरा दोषी बहुतेक वेळा जोत्याखाली असतो.

कापूस पिकवणारी काळी माती ही घराच्या दृष्टीने मोठी लहरी चीज. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे थर पाणी पिऊन फुगतात आणि पाणी गेलं की आकसतात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्या मिटतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हीच हालचाल पायाखाली सुरू असते हे मात्र घर बांधताना विसरलं जातं. शिवाय ती सगळीकडे सारखी नसते. न्हाणीघराकडची माती बारमाही ओली, दक्षिणेकडच्या भिंतीलगतची माती वाळून कडक. घराचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो. विटांच्या भिंतीला हा ताण सोसत नाही.

जुन्या लोकांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढलेला होता. शेती काळीत आणि वस्ती पांढरीत, ही गावाची मांडणीच होती. कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, माळावर किंवा टेकडीच्या उतारावर, मुरमाड जागी असत. त्यांची घरं कुडाची. बांबू आणि पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांच्या कुडाला शेण-मातीचा लेप दिलेला. जमीन हलली तर कूडही थोडा हलतो. लेपाला तडा गेला, तर पुढच्या सणाला घरातली बाई तो पोतारून टाकते. या घरांना नावं ठेवणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं की ती ज्या जमिनीवर उभी होती ती ओळखून बांधलेली होती. आज गाव पसरलं, प्लॉट पाडले गेले आणि पक्की घरं थेट वावरात उभी राहू लागली. घर बदललं, जागाही बदलली. पायाची रीत तेवढी जुनीच राहिली.

आपल्या प्लॉटवरची माती किती फुगणारी आहे, हे घरच्या घरी अजमावता येतं. पायाच्या खोलीवरून माती काढून पूर्ण वाळवावी, कुटून मैद्याच्या चाळणीतून चाळावी. सारखे दोन उभे काचेचे ग्लास घ्यावेत. दोन्हींत सारखीच, दोन-दोन चमचे माती टाकावी. एकात पाणी भरावं, दुसऱ्यात रॉकेल. हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत काडीने ढवळावं आणि चोवीस तास ग्लासांना हात लावू नये. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्ही थरांची उंची पट्टीने मोजावी. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट असेल तर सावध व्हावं. दुप्पट किंवा त्याहून जास्त भरला तर नेहमीचा उथळ पाया विसरावा. प्रयोगशाळेत हीच चाचणी दहा-दहा ग्रॅम माती आणि खुणा असलेली नळकांडी घेऊन करतात. भारतीय मानकात तिची पद्धत ठरवून दिलेली आहे. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, पण अर्धी वाटी पुरते.

पुढचा निर्णय मुरूम किती खोल आहे यावर. चार-पाच फुटांवर पक्का मुरूम लागत असेल तर काळी माती पूर्ण काढून पाया मुरमावरच टेकवावा. यात काटकसर करणाऱ्यासारखा महाग माणूस दुसरा नाही. मुरूम खूप खाली असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केलेली एक रीत आहे. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल, फूटभर व्यासाचं भोक पाडायचं, तळाशी खास अवजाराने ते अडीच पट रुंद करायचं आणि सळाखी सोडून काँक्रीट भरायचं. तळाचा हा फुगवटा अशा खोलीवर बसतो जिथे मातीचा ओलावा उन्हाळ्या-पावसाळ्यात फारसा बदलत नाही. वरून हे खांब बीमने जोडतात आणि बीमखाली तीन-चार बोटं पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का देत नाही. लहान घराला हे जमतं का, खर्च किती, हे इंजिनिअरकडून काढून घ्यावं. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडण्याचा हा विषय नव्हे.

खोदकामातून निघालेली काळी माती जोत्यात परत भरू नये. ठेकेदाराला ती उचलून नेण्याचा खर्च वाचवायचा असतो आणि मालकाला भराव फुकटात मिळतो, म्हणून दोघेही खूश असतात. तीनेक वर्षांनी फरशी उचलली जाते. जोत्यात मुरूमच हवा, तोही अर्ध्या-पाऊण फुटाच्या थरांनी, पाणी मारून, धुमसून. ट्रॉलीने एकदम ओतलेला मुरूम नुसता वरून दिसायला भरलेला असतो.

घराभोवतीचं पाणी हा निम्मा उपाय आहे. भिंतीलगत सगळीकडून पाच-सहा फूट रुंद पक्का ओटा किंवा फरसबंदी करावी आणि तिला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. छताचं पाणी पाइपने ओट्याच्या पलीकडे सोडावं. नळ घरोघरी आले, सांडपाणी वाढलं आणि शोषखड्डे निघाले, हे चांगलंच. मात्र खड्डा भिंतीला चिकटून काढला तर तो पायालाच पाणी पाजतो. काळी माती पाणी सावकाश शोषते, म्हणून इथे खड्डा नेहमीपेक्षा मोठा आणि घरापासून लांब हवा. कडुनिंब दारात सगळ्यांनाच हवा असतो. तो भिंतीपासून निदान स्वतःच्या पूर्ण उंचीइतका दूर लावावा. मुळं पायाखालची ओल ओढून घेतात.

काँक्रीटमध्ये घर बिघडवणारी गोष्ट म्हणजे पाणी. मिक्सरवाल्याला माल पातळ हवा असतो, कारण तो पटकन पसरतो. पन्नास किलोच्या एका पोत्याला फार तर सत्तावीस लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्याही पुऱ्या नकोत. रेती ओली असेल तर त्याहून कमी. मालकाने स्लॅबच्या दिवशी जेवणाची पंगत सांभाळण्यापेक्षा मिक्सरजवळ उभं राहावं. आणि नंतर तराई. आयएस ४५६ या मानकानुसार कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटला दहा दिवस आणि राखमिश्रित, म्हणजे पीपीसी सिमेंटला चौदा दिवस पाणी द्यायला हवं. बाजारात बहुतेक पोती पीपीसीचीच असतात. पोत्यावर वाचून घ्यावं. स्लॅबवर आळी करून पाणी साचवता येतं. कॉलमला ते जमत नाही, तिथे ओलं बारदान गुंडाळावं.

घर जुनं असेल आणि भेगा पडलेल्याच असतील तर लगेच सिमेंटने बुजवू नये. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहावी आणि अंतर वर्षभर मोजत राहावं. उन्हाळ्यात वाढून पावसाळ्यात मिटणारी भेग मातीची. छपाईवरच्या जाळीदार बारीक रेषा बहुधा तराई कमी पडल्याच्या. पहिल्या प्रकारात आधी पाण्याला वाट काढून द्यायची, ओटा बांधायचा, झाड किंवा गळका पाइप पाहायचा. भिंतीची डागडुजी त्यानंतर. भेग वाढतच चालली असेल किंवा कॉलम-बीममध्ये असेल, तर इंजिनिअरला दाखवण्यात दिरंगाई नको.

विदर्भाच्या उन्हाचा हिशेब छतावर होतो. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं आणि मोठ्या प्लॉटवरच्या नव्या घरांना ते बंधनकारक केलं. इकडे कोणी सक्ती केलेली नाही, पण राजूरचा चुना शेजारीच आहे. स्लॅब झाडून धुऊन चुन्याचे दोन हात द्यावेत, दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा. टिनाचं छत असेल तर खाली बांबूच्या तट्ट्यांचं आतलं छत बांधून मध्ये हात-दीड हात पोकळी ठेवावी, आणि ती गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना जाळ्या.

पंतप्रधान आवास योजनेत सर्वसाधारण भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा हे गणित. कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनमध्ये २ लाख. एवढ्यात सगळं बसत नाही, म्हणून काय मागे ठेवायचं हे आधीच ठरवावं लागतं. दर्शनी भिंतीच्या टाइल्स, रंग, स्टीलचं रेलिंग, वरच्या मजल्याची हौस, हे नंतर करता येतं. पाया, मुरमाचा भराव आणि भोवतीचा ओटा नंतर करता येत नाही, किंवा केला तर दुप्पट पैसे जातात. हप्ते कामाच्या टप्प्यानुसार मिळतात, त्यामुळे सगळ्यांची धाव लवकर स्लॅब टाकण्याकडे. जमलं तर खोदकाम दिवाळीनंतर काढावं आणि स्लॅब फेब्रुवारीच्या आत घालावा. मार्च उलटला की गावात टँकरची वाट पाहणं सुरू होतं, आणि तेव्हा टाकलेल्या स्लॅबला चौदा दिवस पाणी कोण देणार?