छंद, रंगमंच आणि वैद्यकीय महाविद्यालयाचें दार

प्रति वर्षीं स्नेहसंमेलनाचे दिवस आले कीं जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांतील पालक आम्हांस भेटावयास येतात, आणि एकच प्रश्न दोन उलट अर्थांनीं विचारितात. एक म्हणतात, "मास्तर, मुलीला डॉक्टर करावयाची आहे, पण ती लोकांपुढें गाते, ढोलकी वाजविते. तेथें कळलें तर तिला घेतील का?" दुसरे म्हणतात, "मुलाला कांहीं आगळा छंद लावूं का? त्यानें अर्जाला वजन येतें म्हणतात." या दोघांच्याही समाधानासाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों.

प्रथम आमची एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक हुशार मुलगी होती. नारायणगांव ही तमाशाची पंढरी. तेथें फडांच्या राहुट्या लागतात व गांवोगांवचे पंच जत्रेची सुपारी द्यावयास येतात. या मुलीच्या घरीं तोच वारसा होता आणि तिचा ढोलकीवरचा हात फार गोड होता. वडिलांस भय वाटे कीं या वाद्यापायीं मुलीची वाट अडेल. आम्हीही अज्ञानानें त्यांस दुजोरा दिला व "आतां हें सोड" असें तिला सांगितलें. तिनें सोडलें. पुढें अर्ज भरतेवेळीं आम्ही तिच्याशेजारीं बसलों, तों त्यांत कलेचा रकानाच नव्हता! तिला प्रवेश मिळाला. पण ढोलकी सुटली ती सुटलीच.

वस्तुस्थिति अशी आहे. आपल्या देशांत बहुतेक सर्वत्र एम. बी. बी. एस. ची निवड 'नीट' या एकाच परीक्षेच्या गुणांवर होते. २०२५ सालीं पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र मिळून १८० प्रश्न होते. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा, एकूण गुण ७२०. बारावीस ठराविक किमान गुण लागतात. त्यापुढें गुणवत्ता यादी, आरक्षण व पसंतिक्रम. सहसा मुलाखत नाहीं, आणि "तुला काय येतें?" असें विचारणाराही कोणी नाहीं. दहावीस शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला व क्रीडा यांचे वाढीव गुण नियमानुसार मिळतात हें खरें. परंतु ते त्या परीक्षेपुरतेच. सारांश, छंदानें या दारांत लाभ नाहीं, तशी हानिही नाहीं.

पूर्वीं सर्वत्र असें नव्हतें. डॉ. आयडा स्कडर यांनीं पाया घातलेलें वेल्लोरचें ख्रिश्चन मेडिकल कॉलेज स्वतःची परीक्षा व मुलाखती घेऊन विद्यार्थी निवडीत असे. परंतु अल्पसंख्याकांच्या संस्थांसही नीट लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. परदेशांत मात्र रीत निराळी आहे. अमेरिकेंतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाईक अर्जांत उमेदवारास आपले १५ पर्यंत अनुभव लिहितां येतात. इंग्लंडांत गुणांबरोबर मुलाखतीही होतात. पण तेथेंही नुसत्या नवलाईनें काम भागत नाहीं. त्या कामांत उमेदवार किती काळ टिकला व त्यांतून काय शिकला, हें पाहिलें जातें. अर्जासाठीं विकत घेतलेला छंद चार प्रश्नांतच उघडा पडतो.

लोकांपुढें उभें राहण्याचें मोल आपणांस आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रांत दिसतें. १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, श्रीरामपूरच्या कॉलेजांत भरसभेंत उभ्या राहून आपण वैद्यक शिकावयास अमेरिकेस कां जातों, हें त्यांनीं सांगितलें. त्या भाषणानें लोकांचें लक्ष वेधलें व ठिकठिकाणांहून साहाय्य आलें. १८८६ सालीं फिलाडेल्फियाहून त्या डॉक्टर झाल्या.

पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजांत शिकलेले डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. नाटकाची गोडी कॉलेजांतच वाढली आणि १९६९ सालीं ते पूर्णवेळ नट झाले. त्याच कॉलेजचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जब्बार पटेल यांनीं १९७२ सालीं 'घाशीराम कोतवाल' बसविलें, व त्यांत नाना फडणविसांची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे मानसोपचारतज्ज्ञ. आमच्या नारायणगांवीं जन्मलेले डॉ. अमोल कोल्हे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजांतून पदवी घेऊन अभिनयाकडे वळले. यांपैकीं कोणासही कलेच्या जोरावर जागा मिळाली नाहीं. पण वैद्यकाच्या अभ्यासानें त्यांची कलाही मारली नाहीं.

मग खरी अडचण कोणती? ती वेळेची. २०२३, २०२४ व २०२५ या तिन्ही वर्षीं नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारीं झाली. आणि आपल्या जत्रांचा भरही चैत्र-वैशाखांतच! फडाबरोबर रात्रभर जागून सकाळीं जीवशास्त्र डोक्यांत शिरत नाहीं. म्हणून बारावीच्या वर्षीं जत्रेच्या सुपाऱ्या घेऊं नयेत; पण रोज अर्धा तास वाद्य हातीं असावें. ज्यास शिवनेरी-जीवधन चढण्याची, सापांची ओळख करून घेण्याची किंवा खोडदच्या दुर्बिणी पाहून ताऱ्यांची गोडी लागली असेल, त्यानेंही तसेंच करावें. जो लोकांपुढें निर्भयपणें उभा राहतो, ज्याचा कान तालांतली सूक्ष्म चूक ओळखतो, त्यास उद्यां घाबरलेल्या रोग्याशीं बोलणें व त्याच्या छातीचे ठोके ऐकणें सोपें जाईल, असें आम्हांस वाटतें.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, ज्या भयास आधार नाहीं त्यापायीं मुलाच्या हातचें वाद्य काढून घेऊं नका. आम्ही एकदां तें केलें आहे. आमच्या स्नेहसंमेलनांत यंदां ढोलकी वाजविणार आहे ती अकरावी विज्ञानाची एक विद्यार्थिनी. तिला ऐकावयास अवश्य यावें.