सिद्धीचा जमाखर्च

पाटोदा तालुक्यातील चिंचोली येथे गहिनीनाथगड, शेजारच्या आष्टी तालुक्यात सावरगावच्या मायंब्यावर मच्छिंद्रनाथांची समाधी आणि पलीकडे पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांचे स्थान, अशा नाथस्थानांनी वेढलेल्या या मुलखात, धुंडीसुत मालूने शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ साली, रचलेला ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ पारायणाने परिचित आहे. साधनेच्या बळावर मनुष्य सिद्ध होतो, चिमूटभर भस्माने अघटित घडवितो, या कल्पनेचे येथील वाचकास अप्रूप नाही. आणि म्हणूनच सांप्रत मोबाइलच्या पडद्यावर जगभर वाचल्या जाणाऱ्या चिनी साधनाकादंबऱ्यांचे गुणदोष पारखण्यास तो विशेष अधिकारी आहे.

या प्रकारातील एक नामांकित कृती म्हणजे ‘वांग यू’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची ‘फानरन श्यूश्यान च्वान’, अर्थात एका सामान्य मर्त्याच्या अमरत्वसाधनेची कथा. ‘छीत्येन’ या चिनी संकेतस्थळावर २००८ ते २०१३ या काळात ती प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध झाली. प्रकरणे २४०० हून अधिक आणि चिनी अक्षरे ७० लक्षांहून अधिक, असा तिचा पसारा आहे. नायक हान ली हा डोंगराळ खेड्यातील दरिद्री घरचा मुलगा. रूप बेताचे, साधनेस लागणारी उपजत पात्रताही हलकीच. प्राणशक्तीचा संचय, मग पायाभरणी, मग देहात तेजोगुटिकेची निर्मिती आणि त्यानंतर सूक्ष्म आत्मदेहाचा जन्म, अशा पायऱ्या चढत त्याला अमरत्वाकडे जावयाचे आहे. या कल्पनेचे मूळ चीनच्या ताओ परंपरेत असून, चौथ्या शतकातील क ख्वंग याने आपल्या ‘पाओफूत्स’ या ग्रंथात अमरत्वदायी रसायनांची तपशीलवार चर्चा केलेली आहे.

कादंबरीचा पहिला आणि सर्वांत मोठा गुण असा की, तिच्यात सामर्थ्य फुकट मिळत नाही. हान लीस एक हिरवी कुपी सापडते. रात्री तिच्यात प्रकाशकण गोळा होऊन द्रवाचा थेंब तयार होतो, आणि त्या थेंबाने वनौषधी अल्पावधीत कैक वर्षांच्या जुन्या होतात. देणगी अलौकिक खरी, परंतु ती पीक वाढविणारी आहे, शत्रू मारणारी नव्हे. औषधीपासून गुटिका बनविणे, ती गुपचूप विकणे, मोबदल्यात शस्त्र वा विद्या मिळविणे आणि आपल्याजवळ काय आहे याचा कोणास सुगावा लागू न देणे, हा सारा खटाटोप त्यालाच करावा लागतो. पायाभरणीची गुटिका दुर्मिळ. तिच्या वनस्पतींसाठी साधकांच्या निरनिराळ्या धर्मपीठांचे शिष्य एका निषिद्ध प्रदेशात सोडले जातात, त्यांतील पुष्कळ परत येत नाहीत, आणि जो परततो त्याला माल पीठाच्या पदरात टाकूनच गुटिकेवर हक्क सांगता येतो. धर्मपीठ म्हणजे एक सरकारदरबारच, त्यात दर्जा, वशिला आणि नजराणा यांचीच वहिवाट, हे लेखक कोणतेही प्रवचन न करता दाखवितो. अशा जगात लढाईपेक्षा पळ काढणे शहाणपणाचे समजणारा भित्रा, सावध नायक वाचकास आपलासा वाटावा, यात नवल नाही.

परंतु हाच जमाखर्च पुढे कथेस गिळून टाकतो. एक पायरी ओलांडली की दुसरा प्रदेश, नवे बलाढ्य शत्रू, पुन्हा लिलाव, पुन्हा गुहेतील एकांतसाधना, असे चक्र इतक्या वेळा फिरते की शेकडो पृष्ठे वगळूनही धागा तुटू नये. याचे कारण केवळ लेखकाच्या प्रतिभेत नसून प्रकाशनाच्या पद्धतीतही आहे. २००३ पासून ‘छीत्येन’वर वाचकाकडून हजार अक्षरांच्या दराने दाम घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि जेथे लांबी हेच उत्पन्न तेथे संक्षेपाची आस्था कोण बाळगणार? १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’मध्ये हरिभाऊ आपट्यांनीही क्रमशः कादंबऱ्या लिहिल्याच, व पाल्हाळ त्यांच्याही लेखनात आहे, परंतु त्यांची माणसे प्रकरणागणिक वयाने आणि मनाने वाढतात. हान लीचे आयुष्य वाढते, मन मात्र फारसे बदलत नाही. नानगुंग वान ही त्याची प्रिया दीर्घकाळ कथेबाहेरच राहते.

याहून गंभीर उणीव गुरुशिष्यसंबंधात आहे. हान लीचा पहिला गुरू, मो नावाचा वैद्य, त्याला विद्या देतो ती त्याचाच देह बळकावण्याच्या हेतूने. प्रसंग थरारक आहे, पण त्यानंतर विश्वास हा जणू व्यवहारातील तोटाच ठरतो. भक्तिसारातील मच्छिंद्रनाथांचा शिष्य गोरख मात्र संजीवनी मंत्राचा पाठ करीत मुलांसाठी मातीचा पुतळा घडवितो व त्यातून गहिनी जन्मतो. तोच गोरख गुरूच्या झोळीतील सोन्याची वीट फेकून देतो आणि गुरू हळहळला तेव्हा पर्वतच सुवर्णाचा करून दाखवितो. येथे सिद्धी हाताशी असूनही तिचा लोभ निंद्य मानला आहे. उलट, सिद्धी कशी, किती श्रमाने, कोणत्या चुकांतून आली, हे मालू क्वचितच सांगतो. वर मिळतो आणि काम भागते. ती उणीव चिनी लेखकाने भरून काढली आहे.

म्हणून वाचकाने ही कादंबरी टाकाऊ समजू नये, आणि अखेरपर्यंत वाचण्याचा हट्टही धरू नये. निषिद्ध प्रदेशातील त्या मोहिमेपर्यंतचा भाग रचनेने घट्ट आहे, तो अवश्य वाचावा. आरंभी सांगितलेल्या गर्भगिरीच्या परिसरातील नाथकथा नव्या गद्यात सांगू इच्छिणाऱ्या मराठी लेखकाने तर तो अभ्यासावाच: हान लीकडून श्रमाचा चोख हिशेब घ्यावा, आणि त्या हिशेबाचे मोल ठरविण्याचा अधिकार मात्र गोरखाकडेच ठेवावा.